ठाण्याबाहेर गर्दी जमते तेव्हा : पोलीस ठाण्यांच्या प्रभारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी

विषय : समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह पोस्टवरून दाखल होणारे गुन्हे आणि अटक

स. न. वि. वि.

हे पत्र मी पोलीस महासंचालकांना किंवा गृहमंत्र्यांना लिहिलेले नाही. त्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत. एखाद्या पोस्टवरून रात्री ठाण्याच्या आवारात दोनशे माणसे जमतात, ‘गुन्हा दाखल झाल्याशिवाय हलणार नाही’ म्हणून पायऱ्यांवर ठिय्या देतात, आत तुमचा फोन सारखा वाजत राहतो. त्या वेळी जे काही ठरते ते तुमच्या टेबलावर ठरते. एफआयआरवर सही तुमची असते. म्हणून पत्र तुम्हाला.

मी तालुका न्यायालयात वकिली करतो, फौजदारी कामे अधिक. गेल्या काही वर्षांत रिमांडला उभ्या राहणाऱ्या आरोपींत एक नवा चेहरा दिसू लागला आहे. वय एकोणीस-वीस, आधीचा एकही गुन्हा नाही, वडील शेती करतात किंवा रिक्षा चालवतात, आणि आरोप काय, तर व्हॉट्सॲपला ठेवलेले स्टेटस. पुष्कळदा ते त्याने लिहिलेलेही नसते, कुठून तरी आलेले तसेच पुढे ढकललेले असते. मजकूर मूर्खपणाचा असतो, कधी किळस यावी असा असतो. त्या मजकुराची बाजू मांडायला मी बसलेलो नाही. मला खटकते ते कोठडी मागताना दिले जाणारे कारण : ‘आरोपीस सोडल्यास कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल.’ हा प्रश्न निर्माण कोण करणार असते? तो मुलगा तर घरात दडून बसलेला असतो. प्रश्न निर्माण करणार असतात त्याच्या घरावर चालून जाणारे लोक. म्हणजे दंग्याची धमकी एकाने द्यायची आणि कोठडीत दुसऱ्याने जायचे. अटक हे गर्दी पांगवण्याचे साधन होऊन बसले आहे, आणि माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीला आहे.

पालघरचे प्रकरण तुमच्यापैकी जुन्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ असेल, पण नंतर भरती झालेल्यांसाठी सांगतो. नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मुंबई बंद होती. २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिले की रोज हजारो माणसे मरतात तरी जग चालत राहते, आणि आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. शिवी नाही, धमकी नाही, कोणा धर्माचे किंवा जातीचे नाव नाही. रात्री जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचे रुग्णालय फोडले, आणि अटक झाली ती दोन मुलींना. आधी कलम २९५-अ लावले गेले. ज्या मजकुरात धर्माचा उल्लेखच नाही त्याला धार्मिक भावना दुखावल्याचे कलम! मग ते बदलून गटागटांत वैर पसरवणाऱ्या विधानांबद्दलचे ५०५(२) आले आणि जोडीला ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. लाइक करणाऱ्या मुलीलाही तीच कलमे.

पुढे देशभर ओरड झाली. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली, पोलिसांना प्रकरण बंद करावे लागले. यातली एक गोष्ट खात्याने स्वतःच्या भल्यासाठी लक्षात ठेवावी. निलंबनाचे आदेश निघाले ते खाकीतल्या माणसांच्या नावाने. ज्यांच्या दबावाखाली कलमे लिहिली जातात, त्यांचे नाव अशा आदेशात कधीच नसते.

याच अटकेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६-अ घटनाबाह्य ठरले. त्या निकालातला एक भेद प्रत्येक ठाण्यात माहीत असायला हवा. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि लोकांना चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चा आणि पुरस्कार कितीही अप्रिय असले तरी ते घटनेच्या कलम १९(१)(अ) च्या, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या, आत येतात. राज्याला हात घालता येतो तो चिथावणीच्या पायरीवर. निकाल लागला तरी ६६-अ खालचे गुन्हे देशात वर्षानुवर्षे नोंदवले जातच होते. २०२१ मध्ये हे समोर आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखवले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका’ असा आदेश सगळ्या राज्यांना पुन्हा द्यावा लागला.

कलम गेले, पण सवय राहिली. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवार यांच्याविषयीची, दुसऱ्या कोणाची तरी पद्यरचना फेसबुकवर टाकली. मला ती रचना हीन वाटली आणि आजही वाटते. १४ मे रोजी ठाणे पोलिसांनी त्यांना अटक केली. त्याच एका पोस्टसाठी राज्यभर वीसहून अधिक गुन्हे नोंदवले गेले. एकाच घटनेबद्दल दुसरा एफआयआर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच टी. टी. अँटनी प्रकरणात सांगून ठेवलेले आहे. कळंबोलीत त्या पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. पोलिसांच्या ताब्यातल्या एका स्त्रीवर! जामीन २२ जूनला झाला. एका पोस्टसाठी महिन्याहून अधिक काळ.

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली. धमक्या येऊ लागल्यावर दोन तासांत ती काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, महाविद्यालयाने काढून टाकले, परीक्षा तोंडावर असताना ती येरवड्यात. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीकालीन खंडपीठाने राज्य सरकारला आणि महाविद्यालयाला कडक शब्दांत सुनावले आणि तिला त्याच दिवशी सोडायला लावले. तिने परीक्षा दिली पाहिजे, असेही न्यायालयाने पाहिले. हे एरवी ठाण्यातल्या अधिकाऱ्याने किंवा प्राचार्यांनी पाहायचे असते.

या तीन घटनांत २०१२ ला राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, २०२२ ला महाविकास आघाडीचे, २०२५ ला महायुतीचे. दुखावलेला गट प्रत्येक वेळी निराळा होता. आज ज्यांच्या पायरीवरच्या घोषणा ऐकून तुम्ही गुन्हा नोंदवता, त्यांचीच मुले पाच वर्षांनी तुमच्यासमोर आरोपी म्हणून उभी असतील. माझ्या पक्षकारांत मला दोन्ही बाजूंची मुले भेटतात.

आता कलमांबद्दल जरा सविस्तर, कारण खरा घोळ तिथे होतो. एखाद्या पुढाऱ्याची बदनामी झाली अशी तक्रार असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा विषय आहे, आणि हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घ्यायची, तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवायचा, आणि ठाण्याचे काम तिथे संपते. पण बाहेरच्या गर्दीला एनसी चालत नाही, तिला अटक हवी असते. मग कलम १९६ किंवा ३५३ (लोकांना भडकवणारी विधाने) जोडले जाते आणि प्रकरण दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट अटक करता येईल असे, होते. १९६ हे जुन्या भारतीय दंड संहितेतले १५३-अ. त्यासाठी धर्म, जात, भाषा, प्रदेश अशा आधारावरचे किमान दोन समाजगट असावे लागतात, त्यांच्यात वैर पेटवण्याचा हेतू असावा लागतो. हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. २००७ मध्ये सांगितले ते तर पुण्याच्याच एका ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्याच्या निमित्ताने. कोणताही नेता, कितीही मोठा असला, तरी तो एकटा म्हणजे समाजगट होत नाही. त्याचा पक्षही होत नाही.

हातकणंगल्याचे प्रकरण आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेटस ठेवले की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. १५३-अ लागले. उच्च न्यायालयानेही गुन्हा रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. कलम ३७० काढण्यावर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गुन्हा नाही, असे त्या निकालात आहे. पोलीस यंत्रणेला अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजावून सांगण्याची वेळ आली आहे, असेही त्यात म्हटले आहे. ते वाक्य आपल्या राज्याच्या खटल्यात लिहिले गेले. ते वाचून मला वाईट वाटले होते, कारण चांगले, अभ्यासू अधिकारी मी जवळून पाहिले आहेत.

‘पण लोकांच्या भावना खरोखर दुखावतात, त्याचे काय?’ हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. त्याचे उत्तर आपल्या नागपुरात फार पूर्वी दिले गेले आहे. तिथल्या उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४७ च्या भगवतीचरण शुक्ल प्रकरणात मापदंड घालून दिला : शब्दांचा परिणाम तपासायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसावर काय होईल यावरून, कमकुवत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस प्रमाण धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २८ मार्च २०२५ रोजी कवी आणि काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करताना पुन्हा त्यावरच बोट ठेवले. ठाण्याच्या पायऱ्यांवर ओरडणारा माणूस कायद्याचा प्रमाण माणूस नसतो, हे यावरून सरळ निघते.

त्याच निकालात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(३) नुसार, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या तक्रारींत ही चौकशी करणेच योग्य, असे सर्वोच्च न्यायालय म्हणते. तुम्ही या चौदा दिवसांकडे स्वतःचे संरक्षण म्हणून पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. पायऱ्यांवर बसलेल्यांना ‘गुन्हा घेत नाही’ म्हणावे लागत नाही. ‘तुमची तक्रार घेतली, कायद्याने चौकशी सुरू केली, ही पोच’ एवढे म्हणता येते. चौदा दिवसांत बहुतेक पोस्ट ज्यांनी वाचल्या त्यांनाही आठवत नाहीत. गुन्हा नोंदवावाच लागला तरी अटक करावी लागत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हे प्रत्येक ठाण्याला माहीत आहे. फक्त गर्दीसमोर ते विसरले जाते.

शब्दांनी माणसे मरतात, हे मी नाकारत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकरी गावकऱ्यांनी ठेचून मारले. मंगळवेढ्याकडची भटकी माणसे होती ती. अशा अफवेच्या मागे पोलिसांनी तासाभरात लागले पाहिजे, खरे काय ते त्याच ग्रुपांवर सांगितले पाहिजे, आणि मुद्दाम खोटे पसरवणाऱ्याला जरूर पकडले पाहिजे. ‘अमक्या वस्तीवर चला, हत्यारे घ्या’ असे लिहिणाऱ्याला तर क्षणभरही मोकळे सोडू नये. ती चिथावणी आहे. पण हडपसरचेही आठवावे. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुणे तापले होते, आणि त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेला, माहिती तंत्रज्ञान कंपनीत काम करणारा एक तरुण नमाजाहून परतताना हॉकी स्टिकच्या मारात मेला. २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. कॉलेजातल्या मुलाच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट, आयपी ॲड्रेस, पंचनामा हे सगळे दोन दिवसांत गोळा होते. रस्त्यावर माणूस मारणाऱ्यांविरुद्धचा पुरावा उभा राहत नाही. शक्ती कुठे खर्च होते हे खात्याने स्वतःला विचारावे.

दुसरीही एक तक्रार याच जागी मांडतो. मॉर्फ केलेला फोटो घेऊन, सोबत भाऊ किंवा मैत्रीण घेऊन एखादी मुलगी ठाण्यात येते. तिच्यामागे दोनशे माणसे नसतात. तिला सांगितले जाते, ‘सायबरला अर्ज करा’, ‘अकाउंट बंद करून टाका ना’. तिला बलात्काराच्या धमक्या येत असतात, अशा प्रकरणात दखलपात्र कलमे लागतात, आणि तरी एफआयआरसाठी तिला चार खेपा घालाव्या लागतात. पुढाऱ्याच्या अपमानाचा एफआयआर मात्र मध्यरात्री लिहून होतो. मी या खेपा माझ्या महिला पक्षकारांसोबत घातल्या आहेत आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

माफीच्या व्हिडिओंबद्दलही लिहिले पाहिजे. मुलाला ठाण्यात आणायचे, हात जोडून उभे करायचे, ‘माझी चूक झाली’ वदवून घ्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर. कोणत्या कलमाखाली? पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे तुम्हीही जाणता. म्हणजे तपासाला त्याचा शून्य उपयोग. तो गर्दीला दाखवण्यासाठी असतो, आणि त्या मुलाच्या मागे तो आयुष्यभर राहतो. जप्त केलेल्या मोबाइलचे तेच. एका मुलाचा मोबाइल प्रयोगशाळेत पडून राहिला आणि त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्या नंबरवर येत होता. सणासुदीच्या तोंडावर निघणाऱ्या ‘ग्रुप ॲडमिनवर गुन्हा दाखल होईल’ या सूचनाही आता थांबाव्यात. सभासदाने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, हे नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तुमची अडचण मला दिसते. रात्रपाळीला ठाण्यात सहा-सात माणसे, एक गाडी, बंदोबस्तावरून थकून आलेले शिपाई, आणि बाहेर वाढत जाणारी गर्दी. दगड पडला तर जबाब तुम्हाला द्यायचा. अशा वेळी एका मुलाला आत घेतले की सगळे घरी जातात, हा मार्ग सोपा वाटणे स्वाभाविक आहे. पण उद्या तीच गर्दी अधिक मोठी होऊन येते, कारण काल तिचे ऐकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात सांगितले आहे की मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीला भिऊन अभिव्यक्ती दडपता येत नाही. तिचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि आपण हतबल आहोत ही सबब राज्याला सांगता येत नाही. तुमच्या ठाण्याच्या हद्दीत ते राज्य म्हणजे तुम्ही.

म्हणून माझे मागणे असे. पोस्टवरून गर्दी जमल्याचे कळताच पहिली गाडी पोस्ट टाकणाऱ्याच्या घरी जावी, ती त्याला उचलायला नव्हे, त्याच्या घराला बंदोबस्त द्यायला. ठाण्यात किती लोक आले, पुढे कोण होते, काय मागितले, कोणाचा फोन आला, याची स्टेशन डायरीत वेळेसह नोंद व्हावी. उद्या तुमच्यावर बोट उठले तर ती नोंदच तुमच्या बाजूने बोलेल. तक्रारदाराने कोणते शब्द, कोणत्या दोन गटांत, कसे वैर पेटवतात हे लेखी सांगावे, आणि ते सांगता आले नाही तर १९६ लावू नये. तोडफोड करणाऱ्यांवरचा गुन्हा मात्र त्याच रात्री नोंदवावा, त्याला चौदा दिवस लागत नाहीत.

इम्रान प्रतापगढी आणि हातकणंगले या दोन्ही निकालांचा गोषवारा मी सोप्या मराठीत चार पानांत लिहून काढला आहे. माझ्या तालुक्यातल्या ठाण्यांना तो या आठवड्यात टपालाने पाठवत आहे. एखाद्या ठाण्यात हवालदार, ठाणे अंमलदार यांच्यासमोर तासभर बसून हे कलमवार समजावून सांगायचे असेल, तर रविवारी किंवा न्यायालयाच्या सुटीत मी आणि माझे दोन सहकारी विनामूल्य यायला तयार आहोत. वेळ तुम्ही ठरवा.

कळावे.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील